फिरस्ते गुरुजी

गेल्या अंकांत आम्हीं वाचकांस वचन दिलें होतें कीं, या खेपेस गोदाकांठच्या जुन्या पाठशाळांविषयीं लिहूं. तें वचन पुढील महिन्यावर ढकलणें आम्हांस भाग पडलें आहे. कारण घरगुती आहे; आणि हें मासिक घराघरांत, चार माणसांच्या बैठकींत वाचलें जात असल्यानें घरगुती कारण सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

आमच्या एकत्र कुटुंबांत धाकट्या बंधूंचा मुलगा आतां चोवीस वर्षांचा झाला आहे. वाणिज्य शाखेची पदवी त्यानें घेतली खरी, पण त्याचें खरें शिक्षण झालें तें गोल्फ क्लबच्या मैदानावर. (हुतात्मा अनंत कान्हेरे यांचें नांव धारण करणारें, महाराष्ट्र संघाचे रणजी सामने जेथें झाले, तेंच हें मैदान.) जिल्ह्याच्या संघांतून तो यष्टिरक्षक म्हणून खेळला. राज्याच्या निवड-चांचणीस तीनदां गेला आणि तीनदां परत आला. चौथ्यांदां जाण्यांत अर्थ नाहीं, हें त्याचें त्यासच उमगलें. अशा वेळीं सुरगाण्याकडील एका शाळेनें त्यास क्रिकेटचा शिक्षक म्हणून बोलावलें. पगार बेताचा, नेमणूक एका वर्षाच्या कराराची, राहण्यास शाळेच्या आवारांतील एक खोली.

रात्रीं जेवणें आटोपत असतां हा विषय निघाला. बंधूंचें म्हणणें, बँकेची परीक्षा द्यावी. मुलाच्या मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत, पण वाढतांना त्यांच्या हातांतील पळी दोनदां पातेल्यावर आदळली, त्यावरून त्यांचें मत सर्वांस समजलें. मग रीतीप्रमाणें वडीलधारे म्हणून आमचें मत विचारण्यांत आलें. आम्हीं म्हटलें, “जो स्वतः शिखरावर गेला नाहीं, तो दुसऱ्यास वाट काय दाखविणार?”

वाक्य ऐकण्यास ठसकेबाज होतें. पस्तीस वर्षें फळ्यासमोर उभें राहिलेल्या माणसास अशीं वाक्यें आपोआप सुचतात. हा त्या धंद्याचा एक दुर्गुणच म्हणावयाचा. मुलगा रागावला नाहीं, उलट बोललाहि नाहीं. एवढेंच म्हणाला, “अण्णा, चंद्रकांत पंडितांविषयीं एकदां वाचून पाहा, आणि मग मला नको म्हणा.” आणि ताट उचलून आंत गेला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. बाण मुलास लागला कीं नाहीं, न कळे. पण परत फिरून तो आम्हांसच लागला. आम्ही स्वतः मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत कौमुदी व काव्यें झालीं, महाविद्यालयांत संस्कृत शिकवावें ही उमेद होती, ती पुरी झाली नाहीं. सारा जन्म शाळेंतील मुलांकडून शब्द व धातु चालवून घेण्यांत गेला. त्याच वर्गांतून गेलेले दोघे आज विद्यापीठांत संस्कृत शिकवितात. ज्या पायरीवर आमचें पाऊल कधीं पडलें नाहीं, तेथवर त्यांस कोणीं नेलें, असें उद्यां कोणी विचारलें तर आम्ही काय सांगणार होतों?

तेव्हां दुसऱ्या दिवसापासून आम्हीं मुकाट्यानें अभ्यास आरंभिला. कात्रणें मुलानेंच आणून दिलीं.

याच मुलाच्या नादानें घरांतील पोरें शनिवारीं रात्रीं विलायतेंतील फुटबॉलचे सामने पाहात बसतात. त्या देशांत धंदेवाईक फुटबॉलच्या एकावर एक चार पायऱ्या असून त्यांवर ९२ संघ आहेत. वरच्या पायरीवरील वीस संघांचीं नांवें जगास ठाऊक. खालच्या बहात्तरांत मात्र पोटासाठीं गांवोगांव फिरणारे खेळाडू पुष्कळ. दोन वर्षें या गांवीं, एक वर्ष त्या गांवीं, गुडघा दुखावला कीं तिसऱ्या गांवीं. पस्तिशी उलटल्यावर त्यांतलेच कांहीं तळच्या एखाद्या संघाचे शिक्षक होतात, आणि ओळीनें चार सामने हरले कीं त्यांच्या हातीं नारळ पडतो. हें जिणें तिकडचेंच, अशी आमची समजूत होती. आमच्याकडील खेळाडू म्हणजे एक तर देशाकडून खेळलेला, नाहीं तर नोकरींत चिकटून खेळ विसरलेला. मधला म्हणून कोणी असतो, हें आमच्या ध्यानींच आलें नव्हतें.

चंद्रकांत पंडित यांचा जन्म मुंबईचा, १९६१ सालचा. ते यष्टिरक्षक व फलंदाज. १९८६ मध्यें इंग्लंडांत लीड्स येथें ते पहिला कसोटी सामना खेळले. पण त्या काळीं देशाच्या संघांत यष्टींमागची जागा बडोद्याच्या किरण मोरे यांनीं घट्ट धरून ठेवली होती. संघास फलंदाज पांच-सहा लागतात, गोलंदाज चार लागतात. यष्टिरक्षक मात्र एकच लागतो, आणि दुसऱ्यानें त्याचें बोट मोडण्याची वाट पाहात बसावें असा हा विचित्र व्यवहार आहे. १९८६ ते १९९२ या काळांत पांच कसोट्या व ३६ एकदिवसीय सामने इतकेंच पंडितांच्या वांट्यास आलें. १९८७ च्या विश्वचषकाचा उपांत्य सामना वानखेडे मैदानावर झाला, तेव्हां दिलीप वेंगसरकर पोटाच्या विकारानें आडवे झाले म्हणून पंडितांस संघांत घेण्यांत आलें. त्यांनीं २४ धावा केल्या, आणि इंग्लंडनें सामना ३५ धावांनीं जिंकला. दुसऱ्याच्या पोटदुखीनें मिळालेली संधि ती; तिचा तरी भरंवसा काय?

पुढें त्यांनीं तेंच केलें जें तिकडचा तो फुटबॉलवाला करतो. मुंबई सोडून पाहुणे खेळाडू म्हणून ते दुसऱ्या प्रांतांकडून खेळूं लागले. मुंबई, आसाम व मध्य प्रदेश अशा तीन संघांकडून मिळून त्यांनीं प्रथम श्रेणीच्या सामन्यांत आठ हजारांहून अधिक धावा केल्या. मध्य प्रदेशानें तर त्यांस कर्णधारहि केलें. आणि याच ठिकाणीं त्यांच्या आयुष्यांतील ती गोष्ट घडली, जिच्यासाठीं आम्हीं पाठशाळांचा लेख बाजूस ठेवला.

१९९८-९९ च्या हंगामांत पंडितांच्या नेतृत्वाखालीं मध्य प्रदेश रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत पोहोंचला. सामना बंगळुरास चिन्नास्वामी मैदानावर, प्रतिपक्ष कर्नाटक. क्रिकेट न पाहणाऱ्या भगिनींसाठीं येथें एक नियम सांगितला पाहिजे. हा सामना पांच दिवसांचा असतो. तो निकालीं निघाला नाहीं, तर पहिल्या डावांत ज्याच्या धावा अधिक त्यास करंडक मिळतो. कर्नाटकाच्या पहिल्या डावांत ३०४ धावा झाल्या, मध्य प्रदेशाच्या ३७९. म्हणजे ७५ धावांची आघाडी हातीं होती, आणि शेवटच्या दिवशीं नुसतें खेळपट्टीवर टिकून राहिलें तरी करंडक इंदुरास येणार होता. जिंकण्याची गरज नव्हती, हरूं नये एवढेंच होतें. पण विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढें सारा डाव १५० धावांत कोसळला, आणि कर्नाटक ९६ धावांनीं विजयी झालें.

परीक्षेंत पहिल्या प्रश्नपत्रिकेस पहिला आलेला विद्यार्थी दुसऱ्या पत्रिकेच्या शेवटच्या तासास घाबरून कोरें पान देऊन येतो, तसें हें झालें. असे विद्यार्थी आम्हीं पाहिले आहेत. त्यांतील पुष्कळ जण तें पान जन्मभर मनांत जपून ठेवतात. कोणाजवळ बोलत नाहींत इतकेंच.

खेळणें संपल्यावर पंडित शिक्षक झाले. २००२-०३ व २००३-०४ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांच्या हाताखालीं मुंबईनें रणजी करंडक जिंकला. पुढें २०१५-१६ च्या हंगामांत पुण्याजवळ गहुंजे येथें सौराष्ट्रास एक डाव राखून हरवून पुन्हां जिंकला. पण मुंबईचें जिंकणें म्हणजे सुखवस्तु घरच्या मुलानें पहिलें येण्यासारखें. मुंबईस तो करंडक चाळीस वेळां आधींच मिळालेला होता. जानेवारी २०१७ मध्यें इंदुरास मुंबई अंतिम सामन्यांत गुजरातकडून हरली, तेव्हां चर्चा हरण्याचीच झाली, आणि पुढील हंगामास मुंबईनें दुसरा शिक्षक नेमला.

पंडित नागपुरास गेले.

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेंत खेळत होता, आणि साठ वर्षांत अंतिम सामन्याचें तोंड त्यानें एकदांहि पाहिलें नव्हतें. वास्तविक क्रिकेट नागपुरास परकें नव्हे. देशाच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार सी. के. नायडू हे जन्मानें नागपूरचेच. पण त्यांची करामत बहरली ती होळकरांच्या आश्रयानें इंदुरास. गुणी माणूस बाहेर जातो आणि घरीं पाटी कोरी राहते, हें विदर्भाचें जुनें दुखणें. (नाशिककरांनीं यावर हंसूं नये.)

तेथें पंडितांनीं काय केलें? जादू कांहीं केली नाहीं. मुंबईच्या क्रिकेटवाल्यांत ‘खडूस’ हा शब्द फार मानाचा आहे, हें आम्हांस या अभ्यासांत प्रथमच कळलें. आमच्या घरीं हा शब्द शेजाऱ्यांविषयीं वापरतात, तोहि हळू आवाजांत. मैदानावर मात्र खडूस म्हणजे जो आपली विकेट फुकट देत नाहीं, शतक झालें तरी दमलों म्हणत नाहीं, आणि सामना हातचा गेला असें सर्वांस वाटत असतांहि ज्यास तसें वाटत नाहीं, असा माणूस. हा खडूसपणा मुंबईची पोरें शिवाजी पार्कच्या मैदानावर श्वासाबरोबर घेतात. पंडितांनीं तो नागपुरास नेऊन पेरला. वेळेची शिस्त, पोशाखाची शिस्त, झेल घेण्याचा कंटाळवाणा सराव, आणि तक्रार करणाऱ्याची गय नाहीं. सोबतीस वासिम जाफर हे मुंबईचेच जुने, वयानें चाळिशीला टेकलेले फलंदाज होते; कर्णधार फैज फजल.

२०१७ च्या डिसेंबरांत कोलकात्यास उपांत्य सामना झाला, तो पुन्हां कर्नाटकाशींच. विदर्भानें तो अवघ्या पांच धावांनीं जिंकला. सामना जिंकून देणारा रजनीश गुरबाणी हा तरुण गोलंदाज स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर आहे, ही गोष्ट आम्हीं मुलाच्या मातोश्रींच्या कानांवर मुद्दाम घातली. अंतिम सामन्यांत दिल्लीविरुद्ध त्यानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले; रणजीच्या अंतिम सामन्यांत असें पूर्वीं एकदांच घडलें होतें. अक्षय वाडकर यानें १३३ धावा काढल्या. १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भ नऊ गडी राखून विजयी झाला. आणि स्थळ कोणतें? इंदूर, जेथें वर्षभरापूर्वीं पंडितांच्या मुंबईनें हार खाल्ली होती तेंच. पुढील हंगामांत नागपुरांत सौराष्ट्रास हरवून विदर्भानें तो करंडक घरींच ठेवला. त्याहूनहि मोलाची गोष्ट पुढें घडली. पंडित निघून गेल्यावर २०२४-२५ मध्यें विदर्भानें तिसऱ्यांदा करंडक जिंकला, आणि त्या वेळीं कर्णधार तोच अक्षय वाडकर होता. गुरु गेल्यावर विद्या टिकली कीं नाहीं, हें पाहण्याची एवढी चांगली कसोटी दुसरी नाहीं.

नागपुराहून पंडित २०२० मध्यें मध्य प्रदेशास गेले. ज्या संघानें त्यांस एके काळीं कर्णधार केलें होतें, त्याच संघास शिकविण्यास. होळकर संघाच्या नांवानें चार वेळां करंडक जिंकलेली ही इंदूरनगरी. पण त्यांतील शेवटचा १९५२-५३ सालचा. आणि २०२२ च्या जूनमध्यें मध्य प्रदेश अंतिम सामन्यांत पोहोंचला तो नेमका बंगळुरास, त्याच चिन्नास्वामी मैदानावर. मध्यें तेवीस वर्षें गेलीं होतीं. समोर मुंबई.

मध्य प्रदेशाचे दोन नामांकित खेळाडू, व्यंकटेश अय्यर व आवेश खान, देशाच्या संघाबरोबर गेल्यानें नव्हते. मुंबईनें ३७४ धावा केल्या. उत्तरादाखल मध्य प्रदेशाचे यश दुबे, शुभम शर्मा व रजत पाटीदार या तिघांनीं शतकें काढलीं, आणि डाव ५३६ पर्यंत नेला. घाई कोठेंच नाहीं. आघाडी घेऊन ते थांबले नाहींत. पुढें मुंबईस २६९ धावांत गुंडाळून १०८ धावा चार गड्यांच्या मोबदल्यांत काढल्या व सामना निकालीं जिंकला. कोणी म्हणेल, योगायोग. आम्हांस तसें वाटत नाहीं. आघाडी हातीं असूनहि सामना कसा जातो, हें ज्यानें त्याच मैदानावर एकदां पाहिलें आहे, तो शिक्षक आघाडीवर समाधान मानून बसत नाहीं. सामना संपतांच पंडितांचे डोळे भरून आले आणि पोरांनीं त्यांस खांद्यावर घेतलें, असें तेव्हांच्या सर्व वृत्तपत्रांनीं दिलें आहे.

त्या दिवशीं समोरच्या तंबूंत मुंबईचे शिक्षक म्हणून कोण होते, हें वाचून आम्ही कात्रण खालीं ठेवून क्षणभर स्वस्थ बसलों. ते होते अमोल मुजुमदार. हे गृहस्थ देशाकडून एकहि सामना खेळले नाहींत. १९८८ सालीं शारदाश्रमाच्या तेंडुलकर-कांबळी या शाळकरी जोडीनें ६६४ धावांची भागी केली, तेव्हां पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसून राहिलेला मुलगा तो हाच. १९९४ सालीं रणजीच्या पहिल्याच सामन्यांत यानें २६० धावा काढल्या. प्रथम श्रेणींतील सर्व मिळून अकरा हजारांवर. तरी बोलावणें आलें नाहीं. उतरत्या काळांत आसाम व आंध्र यांच्याकडून खेळून त्यांनीं बॅट खालीं ठेवली. २०२३ मध्यें देशाच्या महिला संघाचे शिक्षक झाले, आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजीं नवी मुंबईंत त्याच संघानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनीं हरवून विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेंत ओळीनें तीन सामने हरल्यावर किती जणांनीं त्यांना नारळ द्यावा म्हटलें असेल, तें वाचकांनींच आठवावें.

आणि या दोघांचे गुरु एकच, रमाकांत आचरेकर. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रां’त दोन नाट्याचार्यांचा कलह आहे, श्रेष्ठ कोण, याचा निवाडा त्यांच्या स्वतःच्या नाचण्यावरून न करतां शिष्यांच्या नाचण्यावरून करावयाचें ठरतें. बंगळुरास त्या पांच दिवसांत तसेंच चाललें होतें. फरक एवढाच कीं, येथें दोन्ही आचार्य एकाच पाठशाळेंतले. आचरेकर स्वतः १९६३-६४ मध्यें स्टेट बँकेकडून प्रथम श्रेणीचा फक्त एक सामना खेळले. एक! पुढें १९९० सालीं द्रोणाचार्य पुरस्कार, २०१० सालीं पद्मश्री. २ जानेवारी २०१९ रोजीं ते वारले. शिखर, वाट वगैरे आमचें तें वाक्य येथें साफ निकालांत निघालें. आम्हीं तें मागें घेतलें आहे.

सर्वच गोड लिहिणें मात्र बरें नव्हे. पंडित पुढें कोलकात्याच्या धनाढ्य संघाचे शिक्षक झाले आणि २०२४ मध्यें त्या संघानें आयपीएल जिंकली. तथापि त्याच संघांत पूर्वीं खेळलेल्या एका विदेशी खेळाडूनें त्यांच्या लष्करी शिस्तीनें परदेशी खेळाडू वैतागल्याचें उघड सांगितलें. २०२५ मध्यें त्यांनीं तो संघ सोडला. कोवळ्या पोरांना जी शिस्त घडविते, तीच जग फिरून आलेल्या तिशीच्या माणसास काचते. आम्हींहि छडी वापरली आहे, आणि कांहीं मुलांवर ती वायां गेली असें आज वाटतें. कोणास किती ताणावें, हें शिक्षकास कळेपर्यंत बहुधा निवृत्तीचें वय येतें. हें आम्हीं मुलास सांगितलें. त्यानें ऐकून घेतलें.

आणखी एक गोष्ट बंधूंनीं विचारली, आणि ती रास्त होती. पंडित झाले, मुजुमदार झाले. पण न झालेले किती? त्यांचीं कात्रणें कोण ठेवतो? यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें, व तसें आम्हीं सांगितलें. मुलगा म्हणाला, “काका-अण्णांना शाळेंत जाऊन पस्तीस वर्षें झालीं, त्यांचें कात्रण कोणीं ठेवलें?” बापासमोर असें बोलणें शोभत नाहीं, पण बंधु हंसले, म्हणून आम्हींहि मनावर घेतलें नाहीं. शेवटीं ठरलें तें असें: करार एका वर्षाचा आहे, तो पुरा करावा, आणि बँकेच्या परीक्षेचीं पुस्तकें सोबत न्यावीं. पुस्तकें त्यानें नेलीं. उघडतो कीं नाहीं, विचारलें नाहीं.

तो गेला त्या दिवशीं त्याच्या मातोश्रींनीं मेतकुटाचा डबा, लिंबाचें लोणचें व एक जास्तीची चादर बांधून दिली. पहाटेच्या एस.टी.स आम्ही दोघे भाऊ पोहोंचवायला गेलों होतों.

पंधरा दिवसांनीं त्याचा फोन आला. मुलें तीस आहेत, पॅड तीनच जोड. मैदानाच्या एका अंगास चढ आहे, त्यामुळें चेंडू आपोआप परत येतो, ही मोठी सोय आहे, म्हणाला. सर्वांस बॅट हवी, गोलंदाजीसहि पुष्कळ तयार. यष्टींमागें उभें राहण्यास मात्र कोणी राजी नव्हतें. शेवटीं एक लहानसा मुलगा उभा राहिला, पण त्याला हातमोजे नाहींत. “अण्णा, माळ्यावर माझे शाळेंतले जुने मोजे असतील, निळ्या पिशवींत. कोणाबरोबर तरी पाठवा.”

आमचे गुडघे आतां शिडी चढूं देत नाहींत. बंधूच वर चढले. पिशवी लगेच सांपडली, तरी ते बराच वेळ वरच बसून होते.